सिस्टरचं सामान

आई आयुष्यभर ज्या दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली, त्या दाराबाहेर तिला पहिल्यांदा थांबावं लागलं ते काकांच्या, म्हणजे तिच्या दुसऱ्या यजमानांच्या, छातीत दुखलं त्या दुपारी.

हॉस्पिटल परक्या देशातलं होतं, पण दार तेच. काचेचं, ढकलायचं, अलीकडे टेबल टाकून बसलेला एक रखवालदार. काकांना स्ट्रेचरवरून आत नेलं आणि रखवालदाराने आईसमोर हात आडवा धरला. नातं? बायको. कार्ड? आईने पर्समधून पासपोर्ट काढला, लग्नाचा दाखला काढला, कायमच्या वास्तव्यासाठी केलेल्या अर्जाची पावती काढली. त्याने तिन्ही नीट पाहून सभ्यपणे परत दिले. पासपोर्टवर माझ्या वडिलांचं आडनाव होतं, पावतीवर फोटो नव्हता. इथलं ओळखपत्र असेल तरच आत सोडता येईल, नाहीतर बाहेर बसा.

आई बाहेर बसली. काकांना आत काय देतायत, कोणत्या हाताला सुई लावलीय, हे भिंतीकडे बघत मनातल्या मनात करत बसली असणार. संध्याकाळी मला फोन आला तेव्हा तिचा आवाज शांत होता.

"चिडलीस का त्याच्यावर?" मी विचारलं.

"कशाला चिडू? मीही हेच केलं असतं. जन्मभर हेच केलं. 'नातेवाइकांनी बाहेर थांबा.'" मग जरा थांबून म्हणाली, "पण बाहेरचा बाक इतका टणक असतो हे कोणी कधी सांगितलं नाही गं."

आई सरकारी हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होती. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते, आणि त्यानंतर घर, माझं शिक्षण, वॉर्ड असं सगळं तिने एकटीने रेटलं. काका तिला भेटले ते नोकरीच्या शेवटच्या वर्षी. ते तरुणपणीच या देशात आले, लिफ्ट दुरुस्त करता करता इथले नागरिक झाले, लग्न मात्र राहूनच गेलं. भावाच्या शेवटच्या आजारपणात ते मायदेशी आले होते, आणि भाऊ आईच्या वॉर्डात होता. भाऊ गेल्यावर पत्रं सुरू झाली, मग फोन. साठीनंतर आईने लग्न केलं तेव्हा नातेवाइकांनी एकाच शब्दात निकाल लावला: थेरं. मावशीने तोंडावर विचारलं, "या वयात नवरा करतेयस की पेशंट?" आई म्हणाली, "दोन्ही एकच असतात, तुझ्याकडे बघून कळतं." मावशीचे यजमान तेव्हा शेजारीच बसले होते.

या देशाच्या कचेरीलाही मावशीचाच प्रश्न पडला होता, फक्त त्यांनी तो सभ्य भाषेत लिहून कळवला. काकांची बायपास ठरल्यानंतर पत्र आलं. विवाहाच्या खरेपणाची खात्री करण्यासाठी येत्या आठवड्यात कामाच्या कोणत्याही दिवशी अधिकारी घरी येतील. खात्री पटली तर ओळखपत्र मिळेल. नाही पटली तर अर्ज तिथेच संपेल, आणि तात्पुरता परवाना सरेल त्या दिवशी आईने देश सोडायचा. तो परवाना काकांच्या ऑपरेशनच्या आधी सरत होता.

मी ग्रंथालयातून रजा काढली आणि पाहुणी म्हणून आले.

काकांचं घर चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक हॉल, चिंचोळं स्वयंपाकघर. मी पोचले तेव्हा लिफ्ट बंद होती, आणि काका दारात उभे राहून खजील होऊन म्हणाले, "लिफ्टवाल्याच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. हसू नकोस, पोरी. वैद्याच्या घरात खोकला. दोन स्क्रू पिळले की चालेल, पण आता मला हात लावायची परवानगी नाही. ना कंपनीची, ना तुझ्या आईची."

"डॉक्टरची म्हणा," आई आतून ओरडली.

"तेच ते."

सोमवारी सकाळी मला जाग आली ती आईच्या पावलांनी. तिने जमिनीवर एक जुनी चादर पसरली होती आणि घरभर फिरून एकेक वस्तू आणून तीवर ठेवत होती. तिचा चष्मा, तिचा दात घासायचा ब्रश, तेलाची बाटली, वाळत घातलेले कपडे, सपाता, विणकामाचा डबा, गुडघ्याचा पट्टा, बीपीचं यंत्र, औषधं, उशाखालचं पुस्तक. सगळं झाल्यावर तिने चादरीची चारही टोकं बांधली आणि ते गाठोडं ओढत नेऊन बाथरूममधल्या टबात ठेवलं. वरून पडदा ओढला.

मग पलंग. पलंगाची चादर तिने कोपऱ्यांवर अशी दुमडली की वर नाणं टाकलं तर उडावं. उश्या ठेवल्या त्यांची उघडी तोंडं दाराच्या विरुद्ध बाजूला. लहानपणी मी उशी उलटी ठेवली की ती न बोलता येऊन फिरवून जायची. दारातून राउंडला येणाऱ्या डॉक्टरला उशीचं उघडं तोंड दिसता कामा नये, हा वॉर्डाचा नियम होता, आणि आमच्या घरी येणाऱ्या दूधवाल्यालाही तो लागू होता.

"सिस्टर, माझा पेपर कुठाय?" काकांनी विचारलं. ते तिला लग्नानंतरही सिस्टर म्हणत. सुरुवातीला सवय म्हणून, मग तिला चिडवायला, आणि शेवटी दुसरं काही ओठावर येईना म्हणून.

"रद्दीत."

"आजचा?"

"लोक येणारेत घरी. पसारा बघून काय म्हणतील?"

"म्हणतील, इथे माणसं राहतात."

काका हे वर्तमानपत्र शोधता शोधता बोलले, म्हणून ते बोलणं तिथेच पडून राहिलं. आम्हा तिघांपैकी कोणीच ते उचललं नाही.

सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. संध्याकाळी कचेरी बंद व्हायची वेळ टळली की आई गाठोडं सोडायची, सकाळी पुन्हा बांधायची. मधल्या वेळात जिन्यावर पाऊल वाजलं की आम्ही तिघं बोलायचं थांबायचो. पाऊल पुढच्या मजल्यावर गेलं की काका उसना आव आणून एखादा विनोद करायचे आणि आई त्यांची नाडी बघायची. बुधवारी नाडी वाढलेली होती. आईने मला सांगितलं नाही, पण तिने मनगट सोडायला वेळ लावला तेवढ्यावरून मला कळलं.

गुरुवारी ते आले. एक उंच बाई, हातात फाईल, आणि एक पोक्त माणूस, गळ्यात कॅमेरा. चार जिने चढून दोघांना धाप लागली होती. काकांनी त्यांच्या भाषेत लिफ्टबद्दल माफी मागितली. उंच बाईने मान हलवली, हसली नाही. तिने टेबलावर फोन ठेवला, त्यातून एका बाईचा आवाज आला, आणि तो मराठीत म्हणाला:

"नमस्कार. मी दुभाषी आहे. इथे जे जे बोललं जाईल त्या सगळ्याचं मी भाषांतर करीन. काहीही गाळणार नाही, काहीही वाढवणार नाही. मुलीने मध्ये बोलायचं नाही."

मला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. तिथून हॉल दिसत होता, स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, आणि आतल्या खोलीचा अर्धा पलंग.

त्यांनी आधी घर पाहिलं. कॅमेरावाला पुढे, उंच बाई मागे. बाथरूममधल्या कपात एकच ब्रश होता, काकांचा. आरशाखालच्या फळीवर दाढीचं सामान. पलंगाजवळ सपातांचा एकच जोड, मोठा. हॉलच्या कोपऱ्यात एक उघडी बॅग, तीत बायकी कपडे.

"हे कोणाचे?" फोनमधून प्रश्न आला.

"मुलीचे," आई म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. घर आरशासारखं लख्ख होतं, आणि तेवढी माझी बॅग सोडली तर कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

उंच बाई पलंगाजवळ थांबली. तिने ताणलेल्या चादरीवर दोन बोटं टेकवली. मग काहीतरी लिहिलं. कॅमेऱ्याचा आवाज झाला. मी ते घर तिच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या घरात एक म्हातारा एकटा राहत होता. त्याच्याकडे कोणाची तरी मुलगी उतरली होती. आणि या दोघांव्यतिरिक्त तिथे हात बांधून उभी असलेली बाई कोण होती, हे सांगणारी एकही वस्तू नव्हती.

मी आईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच मला दटावलं: ताठ बस.

मग दोघांना वेगळं केलं. काका हॉलमध्ये, आई स्वयंपाकघरात. दार उघडं ठेवलं होतं, फोन मधल्या ओट्यावर.

"तुमचा दिवस कसा जातो?" दुभाषी बाईंनी विचारलं.

"त्यांना सकाळी उपाशीपोटी पहिली गोळी," आई म्हणाली. "मग चहा, साखर नाही. मग वजन बघायचं, पायावर सूज आहे का बघायचं. न्याहारीनंतर दोन गोळ्या. मीठ मी मोजून घालते. दुपारी पाय उंचावर ठेवून झोप."

"त्यांच्या दिवसाबद्दल नाही. तुमच्या."

आई गोंधळली. "हाच की."

"तुम्हाला काय आवडतं? तुम्ही दोघं एकत्र काय करता?"

"सांगितलं ना. बीपी घेतो."

हॉलमधून काकांना राहवेना. "सिस्टर, अगं, आपण पत्ते खेळतो ते सांग की! आणि तू लबाडी करतेस तेही सांग."

फोनमधल्या आवाजाने एक क्षणही न घालवता भाषांतर केलं. तिने सिस्टर या शब्दाचं केलेलं भाषांतर मला समजलं, कारण तो शब्द हॉस्पिटलच्या पाटीवर होता. परिचारिका. उंच बाईने लेखणी उचलली, काकांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि लिहिलं.

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. इथली भाषा त्यांना येत होती. काय लिहिलं गेलं असेल हे त्यांना माझ्या आधी कळलं.

उंच बाई हॉलमध्ये आली आणि काकांसमोर बसली. प्रश्न त्यांच्या भाषेत होता, पण नियमाप्रमाणे तो मराठीतही आला, आणि स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट ऐकू गेला.

"या बाई पेशाने परिचारिका आहेत. तुम्हाला हृदयाचा आजार आहे. त्यांच्या राहण्याची कोणतीही खूण घरात दिसत नाही. तुम्ही त्यांना पगार देता का?"

काका उठून उभे राहिले. त्यांना इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "काय देतो?" आणि पुढचा शब्द काही आला नाही. त्यांचा हात छातीकडे गेला, मग शर्टाचा खिसा चाचपू लागला, आणि खिसा रिकामा होता.

"डावा नाही हो, उजवा!" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. कॅमेरावाल्याने तिला थांबवायला हात पुढे केला, ती त्याच्या हाताखालून निघाली. "डाव्या खिशात ठेवली की तुम्ही पेन काढताना पाडता. बसा. बसा म्हणते ना! जीभ वर करा." गोळी जिभेखाली गेली. "कितीदा सांगितलं, रागवायचं असेल तर आधी बसून घ्यायचं. उभ्याने कसले रागवता? साठी उलटली, अक्कल काही आली नाही. आता मला विधवा करून दाखवायचं आहे का यांना? एकदा झाले तेवढं पुरे आहे!"

फोनमधला आवाज मागोमाग चालला होता. काहीही न गाळता. शेवटच्या वाक्याला तो किंचित अडखळला आणि मग तेही त्याने सांगितलं.

आईने मनगट धरलं. तिचे ओठ हलत होते. "यंत्र," ती स्वतःशीच म्हणाली, आणि बाथरूमकडे धावली. पडद्याच्या कड्या वाजल्या. ती गाठोडं ओढत हॉलमध्ये आली. गाठ घट्ट होती, रोजच्यापेक्षा घट्ट, बोटांनी सुटेना. मी उठले.

"बसून राहा," फोन म्हणाला.

आईने गाठ दातांनी सोडली. चादर उघडली आणि सगळं जमिनीवर पसरलं. चष्मा, सपाता, तेलाची बाटली, आतले कपडे, लोकरीचे गुंडे, गुडघ्याचा पट्टा. तिने त्या सगळ्यात हात घालून बीपीचं यंत्र काढलं, काकांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आणि गुडघ्यावर बसून आकड्यांकडे बघत राहिली. खोलीत फक्त त्या यंत्राची घरघर होती. कोणी काही बोलत नव्हतं, म्हणून फोनही गप्प होता.

"उतरतंय," आई शेवटी म्हणाली. "पडून राहा. तोंड भिंतीकडे करा. बोलायचं नाही."

काका सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. तेव्हा कुठे आईने वर पाहिलं. दोन परके लोक तिच्या सामानाकडे बघत होते. तिने पहिल्यांदा आतले कपडे चादरीखाली सारले.

"हे कोणाचं आहे?" उंच बाईचा प्रश्न आला.

"माझं."

"टबात का होतं?"

"राउंड होता ना," आई म्हणाली.

मग दुभाषी बाई उंच बाईच्या वतीने नव्हे, आपल्याच मनाने म्हणाल्या, "ताई, जरा समजावून सांगता का? मला ते सांगता येत नाहीये."

"तपासणी होती. वॉर्डाची तपासणी असली की पेशंटचं सामान पेशंटजवळ ठेवायचं. सिस्टरचं काही दिसता कामा नये. चष्मा नाही, डबा नाही, चप्पल नाही. सिस्टरचं सामान दिसलं की शेरा मिळतो." ती थांबली. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं असावं, कारण तिचा आवाज एकदम बारीक झाला. "लोक येणार म्हणून आवरलं हो. आमच्यात आवरतात."

भाषांतर संपलं. उंच बाईने कॅमेरावाल्याशी हळू आवाजात काहीतरी ठरवलं. मग ती जमिनीवर बसली, आईच्या समोर, चादरीच्या पलीकडे. एवढी उंच बाई जमिनीवर बसताना अवघडली.

"मी एकेक वस्तू उचलीन," फोनने सांगितलं. "त्यांनी भिंतीकडेच बघायचं. मी वस्तूचं वर्णन करीन, ते तिची जागा सांगतील. त्यानंतर तुम्ही ती वस्तू न बोलता जागेवर ठेवायची. जुळत नसेल तर आम्हाला दिसेलच."

"त्यांना बोलायला लावू नका," आई म्हणाली.

"मी बोलतो," काका भिंतीला म्हणाले. "हळू बोलतो."

"चष्मा. तपकिरी काडी."

"फ्रिजवर. आणि घरभर शोधते."

आई उठली. चष्मा फ्रिजवर ठेवला. तिथे धुळीत चष्म्याएवढी स्वच्छ जागा होती. तिथे तिचं फडकं पोचत नसे, कारण फ्रिजचा माथा तिच्या नजरेच्या वर होता. कॅमेरा वाजला.

"सपाता."

"पलंगाची खिडकीकडची बाजू. डावी पुढे, उजवी मागे. ती उतरते तशी."

"तेलाची बाटली."

"न्हाणीत आरशाखाली, माझ्या साबणाला खेटून. माझ्या साबणाला कायम तेल."

बाटली ठेवली तेव्हा ती फळीवरच्या जुन्या गोल डागात नेमकी बसली. ते मला नंतर दिसलं. तेव्हा मी फक्त आईची पाठ बघत होते. ती थरथरत नव्हती. काम करताना तिची पाठ कधीच थरथरली नाही. ब्रश, पट्टा, पुस्तक, लोकर. प्रत्येक वेळी भिंतीकडून जागा आली आणि प्रत्येक वेळी आईचे पाय आधीच तिकडे वळलेले होते. कॅमेरावाला दाराशी उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता, जणू कोणी इशारा करताना सापडेल.

मग उंच बाईने विणकामाच्या डब्यातून एक छोटी कापडी पिशवी काढली. तिची गाठ सोडली, आणि आई ताडकन म्हणाली, "ते नको."

फोनने भाषांतर केलं. उंच बाईचा हात थांबला, पण पिशवी तिने खाली ठेवली नाही. कचेरीच्या माणसाला 'ते नको' म्हटलं की तेच हवं असतं.

"मनगटी घड्याळ," फोनने सांगितलं. "पुरुषाचं. चामड्याचा पट्टा, जुना."

ते माझ्या वडिलांचं घड्याळ होतं. ते आईने इकडे आणलं हे मलाही माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, काकांकडे बघत नव्हती. लग्न खरं आहे हे दाखवायच्या दिवशी तिच्या सामानात दुसऱ्याच नवऱ्याचं घड्याळ निघालं होतं, आणि ज्याने त्याची जागा सांगायची त्याला ते आहे हेही ठाऊक नव्हतं. निदान आईला तसं वाटत होतं.

उंच बाईने फाईल जवळ ओढली.

"विणकामाच्या डब्यात," काका म्हणाले. "तळाला. वर हिरवी लोकर असते, तिला कधीच लागत नाही म्हणून. तिच्या यजमानांचं आहे. पहिल्या."

फोनमधला आवाज हलकेच भाषांतर करत गेला.

उंच बाईने घड्याळ कानाशी नेलं. मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग पुन्हा त्या घड्याळाकडे. "हे चालू आहे. वेळ बरोबर आहे. किल्लीचं घड्याळ आहे. रोज कोण किल्ली देतं?"

"मी नाही," आई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी तर ते उघडतही नाही."

"मी देतो," काका भिंतीला म्हणाले. "ती सकाळी आंघोळीला गेली की. हा आठवडाभर जरा धावपळ झाली, संध्याकाळी गाठोडं सुटल्यावर द्यावी लागली." थोड्या वेळाने म्हणाले, "मी यंत्रांचा माणूस आहे. घरात बंद पडलेलं काही मला बघवत नाही. आणि त्यांचं तर नाहीच."

आई तशीच उभी राहिली. मग तिने सोफ्याजवळ जाऊन काकांचा दंड धरला आणि पुन्हा बीपी घ्यायला लागली. आत्ताच घेतलं होतं. आकड्यांकडे तिचं लक्षही नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"तू लपवतेस, मग मीही लपवतो. बरोबरी."

फोनने हेही सांगितलं. मग फोनमधल्या बाईंनी नाक ओढल्याचा बारीक आवाज आला, आणि त्याचं भाषांतर कोणी केलं नाही.

ते लोक गेले तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. निर्णय पत्राने कळेल एवढंच. कॅमेरावाला जाताना पलंगाजवळ थांबून सपातांचा आणखी एक फोटो घेऊन गेला. आम्ही तिघं त्या फोटोचा अर्थ लावत बसलो. काका म्हणाले चांगलं लक्षण आहे, आई म्हणाली डाव्या सपातेचा अंगठा फाटलाय, तो दिसला असणार.

माझी रजा संपली, मी परत गेले. पुढचे दिवस आम्ही फोनवर ओळखपत्राबद्दल बोलायचंच टाळलं. आई हवेबद्दल बोलायची, लिफ्टबद्दल बोलायची. परवाना संपायला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी तिचा फोन आला, आणि ती पहिलं वाक्य हे बोलली: "फोटोत मी चोरासारखी दिसतेय गं." ओळखपत्र आलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी काचेच्या दारात तोच रखवालदार होता. आईने कार्ड पुढे केलं. त्याने नुसती नजर टाकून हात हलवला, जा. आई जागची हलली नाही. काकांना आत नेत होते, ते स्ट्रेचरवरून मान वळवून बघत होते, आणि ही दारात उभी.

"नीट बघा की," ती त्याला मराठीतच म्हणाली. "फोटो बघा. नाव वाचा."

त्याला शब्द कळला नाही, पण स्वर कळला. त्याने कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, नाव मोठ्याने वाचलं. वाईट उच्चारलं. मग आई आत गेली. हे मला काकांनी सांगितलं, बरं होऊन घरी आल्यावर, पुष्कळदा.

काका त्यातून उठले. आईच गेली, मागच्या महिन्यात, दुपारी विणता विणता. ज्या माणसाचं हृदय सगळ्यांनी वर्षानुवर्षं मोजलं तो राहिला, आणि तिची नाडी कोणी बघितलीच नव्हती.

मी या वेळी आले तेव्हा लिफ्ट चालू होती. आज भेटायला लोक येणार आहेत, काकांच्या जुन्या कामावरचे, शेजारचे. बसायला जागा हवी म्हणून मी हॉल आवरायला घेतला. जमिनीवर चादर पसरली. लोकर उचलली, पुस्तक उचललं, दाराजवळच्या खिळ्याला किल्ल्यांबरोबर टांगलेलं ओळखपत्र काढलं. ते कचेरीत परत करायचं असतं, तसं पत्र आलंय. स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजवरून तिचा चष्मा काढला.

काका सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

"चष्मा फ्रिजवर असतो," ते म्हणाले.

मी तो परत ठेवला. धुळीतली जागा अजून तेवढीच होती.